मावळातील गर्भारशीचा विसावा

इतिहास म्हटला की आम्हा मावळात राहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लोहगड-विसापूर उभे राहतात, कार्ल्या-भाज्याची लेणी येतात आणि फार तर खंडाळ्याच्या घाटातली आगगाडी येते. कोणता किल्ला कोणी कधी घेतला हे मुलांना पाठ असते. पण त्या किल्ल्याखालच्या वाडीत दिवस गेलेली बाई आषाढातल्या रात्री निजत कशी होती, तिच्या पाठीला टेकू काय होता, सातव्या महिन्यात तिच्या डोक्यावरचा हंडा कोण उतरवून घेत होते, हे कोणत्या बखरीत लिहिलेले नाही. बखरी लिहिणारे पुरुष होते आणि पाणी भरणाऱ्या बायकांना लिहिता येत नव्हते. तरीही इकडचेतिकडचे धागे जुळवले तर थोडीबहुत कथा हाती लागते. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेला ती शोभेल असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम शब्दापासूनच सुरुवात करू. ‘डोहाळे’ हा आपला लाडका शब्द संस्कृतातल्या ‘दौहृद’ या शब्दाशी जोडला जातो. दौहृदिनी म्हणजे दोन हृदयांची. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि मग आईच्या मुखाने तेही काही मागू लागते, अशी सुश्रुताची कल्पना. आपण ‘दोन जिवांची’ म्हणतो ते याच अर्थाने. इच्छा पुरवली नाही तर मूल व्यंग घेऊन येते, असेही तेथे म्हटले आहे. ते आज कोणी खरे मानू नये. पण त्या भीतीपोटी का होईना, घरातल्या सर्वात धाकट्या सुनेला चार महिने कोणी तरी ‘तुला काय हवे गं?’ असे विचारीत होते, हा तिचा फायदा खचित झाला.

चरकसंहितेतील शारीरस्थानाचा आठवा अध्याय तर मला फार आवडला. गर्भिणीने कोणत्या महिन्यात काय घ्यावे ते तेथे क्रमाने दिले आहे: पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात मध-तुपासह दूध, चौथ्यात दुधातून लोणी. पण खरी मौज सातव्या महिन्याची आहे. या महिन्यात पोटाला खाज सुटते. बायका म्हणतात की गर्भाला केस फुटतात म्हणून ही आग होते. आत्रेय म्हणतात, तसे नव्हे. वाढत्या गर्भाच्या दाबाने दोष वर छातीकडे ढकलले जातात, त्याने दाह होतो आणि दाहातून खाज. मग उपाय सांगितला आहे. बोरांच्या काढ्यात सिद्ध केलेले लोणी थोडथोडे द्यावे, चंदन आणि कमळाच्या देठांचा लेप पोटाला व स्तनांना लावावा आणि खाजवू मात्र नये, त्याने त्वचा विद्रूप होते. गर्भाच्या केसांची ती समजूत आजही आजीबाईंच्या तोंडी ऐकू येते. दोन हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने बायकांचे म्हणणे ऐकून घेतले, खोडून काढले आणि तरीही त्यांच्या खाजेवर औषध सांगितले, याचे मला कौतुक वाटते. नुसते खोडून काढणारे पुष्कळ असतात!

अर्थात चंदन आणि लोणी कोणाच्या घरचे, हा प्रश्न राहतोच. कमळाचे देठ आणून लेप वाटायला दासी लागते. मोठ्या घरातल्या गर्भवतीला विसावा मिळत होता तो असा, आणि दुसरा सुरक्षित जागेच्या रूपाने. आपल्याच जिल्ह्यातील शिवनेरीची हकिगत सर्वांना माहीत आहे. शहाजीराजे दक्षिणेतल्या धामधुमीत गुंतलेले असताना गर्भवती जिजाबाईंना त्या गडावर ठेवण्यात आले आणि १६३० साली तेथे शिवरायांचा जन्म झाला. त्यांच्या डोहाळ्यांची रसभरित वर्णने पुढच्या काळातल्या कवींची आहेत. त्यांत तलवारी फार आहेत, पाठदुखी कोठेच नाही. मला विचाराल तर आठव्या-नवव्या महिन्यात गड चढलेल्या बाईला आधी बसायला जागा हवी असते.

आता गडाखाली उतरू. पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ ही सारी भाताची खोरी. लोणावळ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. भाताचे काम याच दिवसांचे. उन्हाळ्यात राब भाजायचा, रोपे वाढली की ती उपटून मुठी बांधायच्या आणि मग पोटरीभर चिखलात कमरेत वाकून लावणी करायची. डोक्यावर इरले, खाली गार पाणी. बाई सहा महिन्यांची असो की आठ महिन्यांची, आषाढ कोणासाठी थांबत नाही. ज्या बाईचे दिवस आषाढ-श्रावणात भरत तिचे हाल काही वेगळेच. पाठीचा कणा वाकलेला, पायांना सूज आणि घरी आल्यावर ओल्या लाकडांच्या धुराने भरलेली चूल. हा धूर गर्भालाही बाधतो आणि मूल वजनाने कमी निपजू शकते, हे आज डॉक्टर सांगतात. तेव्हा फक्त डोळे चुरचुरत.

या सगळ्याच्या आधी पहाटेचे दळण असे. जात्यावर बसून बाई गात असे, आणि त्या गाण्यांत तिचे डोहाळे, माहेर, न्यायला येणारा भाऊ हे सारे येत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्याहून मुळशी-मावळच्या डोंगरी खेड्यांत हिंडून या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रभरातून जमलेला त्यांचा संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. बखरीत जे सापडत नाही ते तेथे सापडते. दळणाने बाळंतपण सोपे होते, असे जाणत्या बाया सांगत. थोडी हालचाल बरी हे खरे. पण पायली-पायलीचे दळण हा व्यायाम नव्हे. गावात पिठाची गिरणी आली आणि हे संपले. माझ्या मते मावळातल्या गर्भारशीला सर्वात मोठा आराम कोणी दिला असेल तर तो या गिरणीने, आणि तिच्या मागोमाग दारात आलेल्या नळाने. कोणत्याही लेपाने आणि लाडूने तेवढा दिला नाही.

गरीब घरच्या बाईला विसावा म्हणजे माहेर. पहिलटकरणीला बहुधा सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी नेत. डोहाळजेवणाचा थाट, हिरवी साडी, फुलांची वाडी, पेढा की बर्फी हे सारे हौसेचे. पण त्या हौसेच्या पोटात एक पक्का व्यवहार होता. सासरच्या कामातून मुलीला दोन-तीन महिने सोडवून घ्यायचे तर कारण लागते, आणि समारंभाइतके चांगले कारण नाही. सासूबाईंना चारचौघींत नाही म्हणता येत नसे.

पण माहेरी जायचे कसे? बैलगाडीतून, खडकाळ वाटेने. गाडीत गवत किंवा पेंढा पसरायचा, वर गोधडी, आणि उतार आला की बाईने उतरून चालायचे. आगगाडी आली तेव्हा प्रथम खंडाळा ते पुणे असा रस्ता १८५८ साली सुरू झाला. घाटातला अवघड मार्ग मात्र १८६३ साली पुरा झाला. मधली पाच वर्षे मुंबईकडून येणाऱ्यांना घाटाखाली उतरून पालखी, तट्टू, बैलगाडी, जे मिळेल त्याने वर यावे लागे आणि पुन्हा गाडी धरावी लागे.

घाटाच्या त्या कामावर हजारो मजूर राबले. १८६१ साली हा आकडा चाळीस हजारांवर गेला होता. त्यांत बायका होत्या, डोक्यावर पाट्या होत्या, आणि त्यांपैकी कितीतरी पोटुशी असणार हे सांगायला कागद लागत नाही. पटकीच्या साथीने तळ ओस पडत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्या नावावर घेऊन दोन अनुभवी व्यवस्थापकांच्या मदतीने ते पुढे चालवले. एका विधवा बाईने भोर घाटाचे कंत्राट सांभाळले, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जायला हवी. तिच्या हाताखालच्या मजूर बायांना तिने काही सवलत दिली असे मात्र वाचनात आले नाही.

गाडी आली तरी सुख लगेच आले नाही. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत पहिली कित्येक वर्षे शौचकूपच नव्हते. गरोदर बाईला या गोष्टीचे काय होत असेल, ते वाचक भगिनींना समजावून सांगण्याची गरज नाही. बायका प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी पीत नसत, आणि ते आणखीच वाईट. शिवाय पंचवीसएक बोगद्यांतून कोळशाचा धूर डब्यात शिरे. १९३०च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली, त्याच वर्षी दख्खनची राणी सुरू झाली आणि धूर गेला. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तेव्हापासून कामशेतची किंवा मळवलीची बाई सकाळी पुण्याच्या डॉक्टरांना दाखवून दुपारी घरी येऊ लागली. ही लोकल म्हणजे आपल्या तालुक्यातल्या बाळंतपणाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे.

घरी मात्र सुईण होती. सुईणींविषयी हल्ली दोन टोकांचे बोलले जाते: एक तर त्या सर्वज्ञ होत्या, नाही तर अडाणी. दोन्ही खरे नाही. पायांना तेल लावून सूज हलकी करणे, कुशीवर निजवून पाठ चोळणे, भिणाऱ्या पोरीजवळ रात्रभर बसून धीर देणे, हे त्यांनी जसे केले तसे कोणत्या दवाखान्यात होत नाही. पण नाळ विळ्याने कापणे आणि वर राख किंवा शेण लावणे यानेच कितीतरी अर्भके धनुर्वाताने दगावली. मूल फार मोठे होऊ नये म्हणून शेवटच्या महिन्यांत पोटभर जेवू न देण्याची रीतही होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. ग्रहणाचेही तसेच. गर्भारशीने ग्रहणात चिरू नये, शिवू नये, काही कापू नये. एवढ्यावर थांबले असते तर मी त्या रीतीला आरामाची रीत म्हटले असते. पण तिला पाणीही पिऊ देत नाहीत, म्हणून ती टाकून द्यावी.

या अंधारात पहिली पणती लावली ती आनंदीबाई जोशी यांनी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून उठून १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय काय निवडला? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र! चरक-सुश्रुतांची गर्भिणीची काळजी एका मराठी मुलीने साता समुद्रापार इंग्रजीत मांडली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. वय बाविसाला पोचलेले नव्हते. चौदाव्या वर्षी आई होणे ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती. संमतिवयाचा कायदा १८९१ चा आणि शारदा कायदा १९२९ चा. ज्या मुलीचे स्वतःचे हाड अजून वाढते आहे तिच्या पोटात दुसरा जीव, तेथे उशी-लोड देऊन काय आराम होणार?

पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन काढले आणि तेथून मुली परिचारिकेचे व सुईणकामाचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. लोक काय म्हणत असतील त्याची कल्पना करा. १९१२ साली रास्ता पेठेत केईएम रुग्णालय निघाले, तेही मुळात लहानसे प्रसूतिगृह म्हणून. तेथे १९४४ साली डॉ. बानू कोयाजी आल्या आणि त्यांनी पुढे शिरूर तालुक्यातील वढू येथे खेड्यातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेविका तयार केल्या. आज गावोगाव दिसणाऱ्या आशाताई २००५ च्या योजनेतून आल्या. पण गावची बाईच गावच्या बाईला सांगेल, हे सूत्र त्याआधी पुणे जिल्ह्यात करून दाखवलेले होते.

मुंबईचा एक धागा येथे जोडायला हवा, कारण मावळचा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत पोट भरतो. डबेवाल्यांत मोठा भरणा आपल्या मावळ-खेडकडचाच. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. गिरणगावातील गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत, धाप लागून बसत आणि कित्येक बाळंतपणात दगावत. हा जंतूंचा रोग असावा अशी शंका होती. या बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजते ते पाहिले, उंदीर-माकडांवर प्रयोग केले आणि हा आहारातल्या एका घटकाचा अभाव आहे, असे ठरवले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, त्या बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढण्यात आला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज जगातल्या गर्भवतींना जी गोळी देतात तिचा शोध असा आपल्या गिरणीवाल्या भगिनींच्या थकव्यातून लागला. १९७० सालापासून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारतर्फे दिल्या जातात. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस त्या घ्याव्यात असा नियम आहे. मळमळते म्हणून त्या फडताळात ठेवून देणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. रात्री जेवणानंतर घेतल्या तर त्रास कमी होतो; चहाबरोबर मात्र घेऊ नयेत.

माती खाण्याच्या डोहाळ्यांचेही कोडे येथे थोडे सुटते. रघुवंशात सुदक्षिणा राणी माती खाते, आणि आपल्याकडेही भाजक्या मातीचे खडे चोरून खाणाऱ्या गर्भारशी असतात. रक्तातले लोह कमी असले की अशी वासना होऊ शकते, असे आता सांगतात. रागे भरण्याऐवजी रक्त तपासावे. पावसाळ्यात रानात उगवणारा टाकळा, कुर्डू, भारंगी या भाज्या मावळात फुकट मिळतात. त्यांना गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

औषध मिळाले, पण हक्काची सुट्टी? १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला. ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते १९२५ साली फेटाळले गेले. मग मुंबई इलाख्याने पुढाकार घेतला. जुलै १९२८ मध्ये त्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले आणि आईला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे ठासून मांडले. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा तो पहिलाच. १९६१ साली सर्व देशासाठी कायदा आला, बारा आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवड्यांची झाली.

मात्र १९२९ चा कायदा होता कारखान्यांतल्या बाईसाठी. त्याआधी, १९११ पासून, लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे टाटांची धरणे बांधली गेली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली आणि तिच्यावर गिरण्या चालू लागल्या. त्या गिरण्यांतल्या बाईला पुढे कायद्याने रजा मिळाली. ज्यांच्या पाट्यांनी धरणाची माती वाहिली त्या बायांना आणि त्याच खोऱ्यात भात लावणाऱ्या बाईला नाही.

लोणावळ्याचे नाव घेतले आणि कैवल्यधामाविषयी लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली ही संस्था लोणावळ्यास स्थापिली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. योगाने शरीरात नक्की काय घडते हे यंत्राने मोजावे, ही दृष्टी त्या काळी नवी होती. गर्भवतींच्या योगवर्गांचे आज सगळीकडे पेव फुटले आहे. त्यांत जाणाऱ्या भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे की उड्डियान, नौली यांसारख्या पोट आत ओढण्याच्या क्रिया या काळात वर्ज्य आहेत, श्वास कोंडून धरू नये आणि शेवटच्या तीन महिन्यांत पाठीवर उताणे फार वेळ न राहता कुशीवर, शक्यतो डाव्या, विसावावे. दोन गुडघ्यांमध्ये एक गोधडीची घडी ठेवली की कंबर हलकी होते. ती घडी आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. त्यांच्यापाशी वेळ नव्हता, एवढेच.

आता काळ पुष्कळ बदलला आहे. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी भात आला आणि खाचरांचे उत्पन्न वाढले. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मुलीला सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. तिच्या कारखान्याच्या कुंपणापलीकडे खाचरात रोजाने लावणी करणाऱ्या बाईला, किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बाईला, ती रजा नाही. २०१७ च्या मातृवंदना योजनेतून पहिल्या खेपेस पाच हजार रुपये हप्त्यांनी मिळतात, तेही कागदपत्रे पुरी असतील तर. सातव्या महिन्यात तिने वाकून लावणी करायची की बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधायच्या, हे आजही लावणीचा मुकादमच ठरवतो, आणि मुठी बांधणारीला रोज कमी द्यायचा की तेवढाच, हेही तोच.